एका शब्दाची अनेक वावरं

(दारव्हा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले. म्हणून भाषेवर बोलावे अशी संयोजकांची इच्छा होती. भाषेवर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा इंग्रजीच्या आक्रमणाबद्दल बोलतो. ती चिंता मलाही आहे, पण आज मी तिच्याकडे दुसऱ्या वाटेने जाणार आहे. मी एकच इंग्रजी शब्द निवडला आहे आणि तो किती वावरांत उगवतो, प्रत्येक वावरात त्याचे पीक कसे बदलते, हे तुमच्यासोबत पाहणार आहे. तो शब्द आहे लाइन.

दारव्ह्यात दिवसभर कान उघडे ठेवले तर हा शब्द किती तऱ्हांनी कानावर पडतो बघा. ‘लाइन गेली.’ ‘बँकेत लाइन लागली आहे.’ ‘पोराला कोणत्या लाइनला टाकलं?’ ‘ते पोलीस लाइनमध्ये राहतात.’ ‘मिस्त्री, लाइनदोरी धरा.’ ‘फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो.’ कुणीही अडखळत नाही. पहिल्या वाक्यात वीज आहे, दुसऱ्यात माणसांची रांग, तिसऱ्यात पोटापाण्याचा मार्ग, चौथ्यात वस्ती, पाचव्यात सुतळी, सहाव्यात इंटरनेट. शब्दाला अर्थ देते ते काम. ज्या हाताला तो लागतो, त्या हाताच्या गरजेप्रमाणे तो घडतो, आणि ऐकणारा समोरचे काम पाहून अर्थ ओळखतो. इथवर सगळे ठीक आहे. एका कामात घडलेला अर्थ दुसऱ्या कामात न तपासता नेला, म्हणजे मात्र माणसांचे नुकसान होते. आज मला हेच सांगायचे आहे.

दारव्ह्यात बोलतो आहे, म्हणून सुरुवात शकुंतला रेल्वेपासून. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा नॅरो गेज मार्ग. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत, तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी ही वाट बांधली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत या मार्गावर गाडी ओढत होते. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी मध्य रेल्वेची आणि लाइन कंपनीची, अशी व्यवस्था पुढे कित्येक दशके चालली. आता ती गाडी धावत नाही, पण ‘लाइन’ म्हणजे नुसते रूळ नव्हेत हे दारव्हा मोतीबाग स्थानकाने आपल्याला शिकवून ठेवले आहे. रूळ लोखंडाचे असतात. लाइनमध्ये त्यांच्याखालची जमीन येते, करार येतो, हक्क येतो, वेळापत्रक येते. गाडी थांबली तरी कागदावर लाइन असू शकते.

याच्या उलटही घडते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉड गेज मार्ग आपल्या दारव्ह्यावरून, पुढे दिग्रस, पुसदकडे जायचा आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. जिथे अजून रूळ पडलेले नाहीत, तिथल्या शेतकऱ्याला विचारा. ‘आमचं वावर लाइनमध्ये गेलं’ असे तो सांगतो. रुळाआधी लाइन आली: मोजणीचे खुंटे, गट नंबर, नोटीस, मोबदला. त्याच्या दृष्टीने लाइन म्हणजे वावराचे दोन तुकडे आणि पलीकडच्या तुकड्यावर बैलगाडी कशी न्यायची हा प्रश्न. रेल्वेच्या अभियंत्याच्या नकाशावर तीच एक बारीक काळी रेघ आहे. दोघे एकच शब्द बोलतात, आणि मोबदल्याच्या बैठकीत एकमेकांचे बोलणे त्यांना कळत नाही. याच रेल्वेने आपल्या कचेऱ्यांनाही एक बोली दिली. एखाद्या अधिकाऱ्याला बिनमहत्त्वाच्या जागी बसवले की लोक म्हणतात, त्याला लूप लाइनला टाकले.

विजेच्या लाइनची गोष्ट निराळी. खांबावरची तार ही लाइन, ती सांभाळणारा तो लाइनमन. पण ‘लाइन गेली’ म्हणताना तार कुठेही गेलेली नसते, ती जागच्या जागी लोंबत असते. गेलेला असतो तो प्रवाह. ज्याने पहाटे तीन वाजता टॉर्च घेऊन विहिरीवर जाऊन मोटर सुरू केली आहे, त्याच्यासाठी प्रवाह नसलेली तार ही लाइनच नव्हे. हा अर्थ कुठल्या इंग्रजी कोशातून आलेला नाही. तो आपल्या शेतकऱ्याने रात्रपाळीच्या ओलितात घडवला आहे, आणि मला तो फार अचूक वाटतो.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे एक झाड. त्याच्या खोडातून धागा निघतो. त्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’, आणि तिचीच पुढे लाइन झाली. गवंड्याने दोन खुंट्यांमध्ये ताणलेली दोरी, हा या शब्दाचा जुना, मूळचा अर्थ. त्या झाडाचे कापड ते लिनन. अंगरख्याच्या आतून ते कापड लावायचे, म्हणून अस्तराला इंग्रजीत लायनिंग म्हणतात. आणि ते झाड कोणते? वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव लिनुम युसिटाटिसिमम. आपण त्याला जवस म्हणतो, महाराष्ट्रात इतरत्र अळशी म्हणतात.

म्हणजे ज्या रोपाच्या धाग्यातून हा शब्द जन्मला, ते रोप रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या रब्बीच्या वावरात निळी फुले घेऊन उभे होते. युरोपने त्याचा उंच, बारीक, फांद्या न फुटणारा प्रकार धाग्यासाठी वाढवला. आपण त्याचा बुटका, भरपूर फांद्यांचा प्रकार बियांसाठी ठेवला, कारण धाग्यासाठी आपल्याकडे कापूस होता. आपल्याला जवसाचे तेल हवे होते आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी. नागपूरच्या कृषी संशोधनातून आलेला एनएल ९७ हा वाण बियांचाच. सुतार लाकडाला लावतो ते अळशीचे तेल, लाइन आणि लिनन ही एका रोपाची लेकरे आहेत, हे मुलांना शाळेत सांगितले पाहिजे. त्यांच्या घरच्या चटणीचा आणि भूमितीच्या पुस्तकाचा असा संबंध असतो, हे कळले की भाषा त्यांना परकी वाटणार नाही.

आणि आपण कापूस पिकवला, तर आपल्या भाषेत काय झाले? नेमके हेच झाले, वेगळ्या धाग्याने. संस्कृतमध्ये सूत्र म्हणजे धागा. त्याचे मराठीत सूत झाले. गवंडी भिंतीला सूत धरतो. सरळ माणसाला आपण सुतासारखा सरळ म्हणतो. सुताराच्या आणि गवंड्याच्या मापात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘दोन सूत कमी घ्या’ असे आजही तो म्हणतो. इंग्रजी मापांतही लाइन नावाचे माप होते, इंचाचा बारावा भाग. दोन दूरच्या लोकांनी दोन वेगळ्या रोपांच्या धाग्यांना एकच काम दिले, आणि दोन्हीकडे धाग्याचे माप झाले. पुढे सूत्र चढत गेले. गणितातले सूत्र, पाणिनीचे सूत्र, कारभाराची सूत्रे, समारंभाचे सूत्रसंचालन, आणि वर्तमानपत्रात नाव न सांगता बातमी देणारी ‘सूत्रे’. यज्ञवेदीची मापे सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. आपल्या भूमितीच्या सर्वांत जुन्या ग्रंथांच्या नावातच दोरी आणि धागा दोन्ही आहेत. लाइनचे इतके अर्थ पाहून ज्याला इंग्रजीचे अप्रूप वाटते, त्याने आपल्या सूत्राकडे एकदा नीट पाहावे.

आपल्या बांधकामावरच्या मिस्त्रींनी तर या दोन्ही भाषांची गाठ मारली आहे. ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. लॅटिनमधली दोरी आणि मराठीतली दोरी एका शब्दात शेजारी बसल्या आहेत. फक्की टाकून पायाची आखणी करतात त्याला ते ‘लाइनआउट’ म्हणतात. पंडितांनी यावर नाक मुरडू नये. दोरी ताणणाऱ्या माणसाचा तो शब्द आहे, आणि तो चोख काम करतो.

दोरी ताणण्याचे काम किती अवघड असते हे पाहायचे तर इथून फार लांब जायला नको. हिंगणघाटला विल्यम लॅम्टन या मोजणीदाराचा मृत्यू झाला, २० जानेवारी १८२३ रोजी. भारताची त्रिकोणमितीय मोजणी त्याने सुरू केली. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली, साडेसात मैलांची. शंभर फुटांची पोलादी साखळी पुन्हा पुन्हा मांडून ती रेषा मोजायला ५७ दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तिच्यावर सावली धरायची, तापमान टिपायचे, ताण कायम ठेवायचा. शाळेतल्या भूमितीत रेषेला रुंदी नसते आणि टोकही नसते. टोके आली की तिचा रेषाखंड होतो. लॅम्टनच्या रेषेला टोके होती, वजन होते, ती उन्हात वाढत होती. तरीही तिच्यावर उभे केलेले त्रिकोण दक्षिणेच्या टोकापासून पुढे हिमालयापर्यंत पोहोचले. गणिताची रेषा मनात आखतात, मोजणीदाराची जमिनीवर, आणि दोन्हींमधला फरक किती हे कळणे म्हणजेच मोजणीचे शास्त्र. कबड्डीच्या मैदानावरची रेषा तर तीन ते पाच सेंटिमीटर रुंद असते आणि ती मैदानाचाच भाग धरतात. रुंदी नसलेल्या रेषेवर पंच निर्णय देऊ शकणार नाही.

शेतीशास्त्रातली लाइन वेगळ्याच कुळातली. तिथे लाइन म्हणजे वंश. डेन्मार्कच्या योहान्सनने १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर काम करून शुद्ध वंशाची कल्पना मांडली: एकाच स्वपरागित झाडाची संतती. पुढे संकरित ज्वारी आली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा वाण प्रसारित झाला, तेव्हा आपल्याच पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आणि संकरित बियाण्यासाठी त्यांनी सगळी ताकद लावली. या बियाण्यामागे तीन लाइन असतात. ए लाइनला स्वतःचे परागकण नसतात. बी लाइन तिचा वंश टिकवते. आर लाइनच्या परागाने ए लाइनवर जे बी धरते ते संकरित. त्या बियाचे पीक जोमदार येते, पण त्या पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर झाडे सारखी येत नाहीत. शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते, त्याचे कारण या एका शब्दात दडले आहे. ते कारण त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायला फार थोडे लोक गेले. ‘घरचं बी चालत नाही’ एवढेच त्याच्या कानावर पडले.

आता मी ज्या लाइनसाठी हे सगळे बोलतो आहे तिच्याकडे येतो. दारिद्र्यरेषा.

ही रेषा आखण्यात मराठी अर्थशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दर माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला करता येत नाही तो गरीब, असा निकष त्यांनी धरला. पुढे नियोजन आयोगाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरींचे प्रमाण घेतले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरींचा आधार सोडून शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्चही धरला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भारताची रेषा दरमहा माणशी ८१६ रुपये ठरली. या मंडळींचा हेतू स्वच्छ होता आणि काम मोलाचे होते. देशात गरीब किती, हे सरकारला आकड्याने सांगायचे होते. नमुन्याला घेतलेल्या कुटुंबांचा खर्च तपासायचा, त्यावरून कोट्यवधींचा अंदाज बांधायचा. त्या कामासाठी रेषा हे योग्य साधन आहे.

मग तोच शब्द तहसील कचेरीत आला, आणि तिथे त्याचे काम बदलले. देशात गरीब किती, हा प्रश्न बाजूला राहिला. हे घर गरीब आहे का, हा प्रश्न आला. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाचे उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. १५ हजारांत आणि १५ हजार एक रुपयात कुठल्या घराला फरक पडतो? आणि कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या घराचे उत्पन्न कोणत्या वर्षीचे धरायचे? पाऊस दडी मारतो त्या वर्षीचे, की बोंडअळी येते त्या वर्षीचे, की भाव बरा मिळतो त्या वर्षीचे? आपल्या जिल्ह्यात घरे या रेषेच्या खाली-वर सतत जातयेत असतात. रेषा जागची हलत नाही, आणि यादी वर्षानुवर्षे बदलत नाही. संख्याशास्त्रातली रेषा दुरून पाहण्यासाठी केलेली होती. तिला दारात आणून उंबरठा केले, आणि तिच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या कितीतरी घरांचे धान्य गेले.

यात कुणा एका कारकुनाचा दोष नाही. एका वावरात घडलेला शब्द दुसऱ्या वावरात आणताना ‘इथे याचे काम काय?’ हे विचारायचे राहून गेले. पुढे २०१५ मध्ये यवतमाळसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी पत्रिकेच्या शेतकऱ्यांना दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ देण्याची योजना शासनाला आणावी लागली. ती आणावी लागली, यातच ती रेषा अपुरी पडल्याची कबुली आहे.

इंग्रजीतही अर्थ असे रूप बदलतात, आणि कधी त्यांच्या पोटात फार कठोर गोष्ट असते. डेडलाइन हा शब्द आपण कार्यालयात सहज वापरतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हलका कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या कठड्याचे नाव डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ती वेळेची मर्यादा झाली.

आता आपल्या भाषेकडे परत येतो. ‘लाइन’साठी मराठी काय, असे विचारणे मला चुकीचे वाटते. कोणत्या कामातल्या लाइनसाठी, असे विचारले पाहिजे. कागदावर रेघ. भूमितीत रेषा. वाचताना ओळ. माणसांची रांग. जेवणाऱ्यांची पंगत. मुंग्यांची रांग, पण बगळ्यांची माळ. पहिल्या फळीचे खेळाडू. पाणी, वीज, रक्त वाहून नेते ती वाहिनी. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो वस्तूचे रूप सोडून तिचे काम सांगतो. शेगावला किंवा पंढरपूरला गेलेला माणूस लाइनीत उभा राहत नाही. तो दर्शनाच्या बारीत उभा राहतो. बारी म्हणजे पाळीही. आपली पाळी येणारच, हा भरवसा त्या शब्दात आहे. बँकेतल्या लाइनीत तो भरवसा नसतो, आणि म्हणून तिथे बारी हा शब्द कुणी वापरत नाही, असे मला वाटते.

आणि वावरात? तिथे तर आपली श्रीमंती आहे. तिफणीने पडतो तो तास. वखराचा, नांगराचा काकर. पाण्यासाठी पाडतात ती सरी. कपाशी चौफुलीवर लावली की डवरणी उभी-आडवी दोन्हीकडून करता येते. ‘तास वाकडा गेला’ हे तिफण धरणाऱ्याला लागणारे बोलणे होते, कारण वाकड्या तासात डवरा घातला की पीक कापले जाते. आज ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरतात, आणि जाहिरात सांगते, ‘दोन लाइनमध्ये एवढे अंतर ठेवा.’ तास हा शब्द त्या जाहिरातीत नाही. काही वर्षांनी तो वावरातही नसेल, घड्याळात तेवढा उरेल. मला चिंता वाटते ती इथे. लाइन आपल्या वस्तूसोबत आली तिथे ती आपलीच झाली आहे. विजेची, रेल्वेची, पोलिसांची लाइन खुशाल राहू द्या. पण जिथे आपल्याकडे जास्त नेमका, जास्त कामाचा शब्द उभा होता, तिथे लाइन येऊन बसली तर आपण भाषेतली अचूकता गमावतो, आणि तिच्याबरोबर कामाची समजही.

मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकात. दोन्ही मोठी कामे. पण तुमच्या तालुक्यातल्या तिफणीचे, वखराचे, जिनिंगचे, गवंडीकामाचे, दोर वळण्याचे शब्द गोळा करायला बाहेरून कुणी येईल, अशी वाट पाहू नका. सभागृहात शिक्षक बसले आहेत, महाविद्यालयातली मुले-मुली आहेत. येत्या सुटीत प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. ज्यांनी तिफण धरली, ज्यांनी भिंतीला सूत लावले, ज्यांनी मोतीबागेच्या लाइनवर काम केले, अशी माणसे दारव्ह्यात अजून आहेत. ‘सरळ’ आणि ‘वाकडे’ यांसाठी, ओळीसाठी, अंतरासाठी, मापासाठी ते कोणते शब्द वापरत, ते विचारा. शब्दासोबत तो कोणत्या कामात, कशासाठी वापरत हेही लिहून घ्या. वही शाळेत जमा करा. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत माझ्यासारखा पाहुणा बोलवण्याऐवजी त्या वह्यांतले शब्द वाचून दाखवा, ही संयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे.